नाण्यावरचे साल आणि नाण्याचे वय

जुन्या नाण्यांविषयी काही विचारावयाचे असले म्हणजे अधूनमधून मंडळी माझ्याकडे येत असतात. बहुतेकांचा प्रश्न किमतीचा असतो. मागील पावसाळ्यात मात्र इंदूरच्या एका मराठी घरातील वृद्ध बाई निराळाच प्रश्न घेऊन आल्या. त्यांच्या आईची एक पितळी डबी होती. तीत पाचसहा जुनी नाणी होती. नातवाने ती डबी उघडून पाहिली, तेव्हा तांब्याच्या एका नाण्यावर त्याला नागरी अंकांत १९९२ हे साल दिसले. ज्यांची ती डबी, त्या तर १९७१ सालीच वारलेल्या. मग १९९२ चे नाणे त्यांच्या डबीत आले कसे? घरात चर्चा झाली, आणि निष्कर्ष असा निघाला की, कोणी तरी जुने नाणे काढून घेऊन त्या जागी हे नवे ठेविले असावे. असे ‘कोणी तरी’ म्हटले की बोट नेहमी एकाच दिशेला वळते. त्या घरी चौदा वर्षे धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे ते वळले. तिला कोणी उघड काही बोलले नाही, परंतु कपाटाच्या किल्ल्या मात्र उचलून ठेवण्यात आल्या.

मी नाणे हातात घेतले. ते होळकर संस्थानचे पाव आण्याचे नाणे होते. त्यावर दुसऱ्या यशवंतरावांची प्रतिमा होती आणि १९९२ हे साल विक्रम संवताचे होते. त्यातून ५७ वजा करा, म्हणजे इसवी सन १९३५ मिळतो. नाणे जेथे असावयास हवे तेथेच होते. बदलले काहीच नव्हते. चुकले होते ते वाचन.

नाण्यावरचे साल ही वस्तू दिसावयास अगदी साधी आहे. चार अंक, आणि तेही नाण्याच्या तोंडावर कोरलेले. परंतु संग्राहकांच्या जगात जेवढे गैरसमज, जेवढे वाद आणि जेवढी फसवणूक या चार अंकांपायी होते, तेवढी दुसऱ्या कशानेही होत नसेल. म्हणून सालांचे हे भेद ओळखावयाचे कसे, याची थोडी फोड आज करावयाची आहे.

पहिला प्रश्न असा की, हे साल कोणत्या गणनेतले? आपल्या आसपासच्या संस्थानांपुरते बोलावयाचे, तर ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे येथील यंत्रावर पाडलेल्या बहुसंख्य नाण्यांवर विक्रम संवत आढळतो. ग्वाल्हेरच्या जिवाजीराव शिंदे यांच्या पाव आण्यावर १९८६ आणि १९९९ अशी साले दिसतात. ती अनुक्रमे इसवी सन १९२९ आणि १९४२ ची होत. सयाजीराव गायकवाडांच्या रुपयावर १९४९ वाचून तो स्वातंत्र्यानंतरचा समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. तो वास्तविक १८९२ चा. संवताचे वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्यामुळे वर्षाच्या अखेरच्या महिन्यांपुरते ५७ ऐवजी ५६ वजा करावे लागतात, म्हणून एका वर्षाचा फरक नेहमी मोकळा ठेवावा. गोव्यातील पोर्तुगीज नाण्यांवर मात्र इसवी सनच असतो. तेथील १८८१ ची रुपिया इंग्रजी रुपयाच्या तोलाचीच आहे, कारण १८७८ च्या तहानंतर ती कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली.

हैदराबादेत गणना हिजरी सनाची. हिजरी वर्ष चांद्रमानाचे, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे नुसती वजाबाकी पुरत नाही. हिजरी सालातून त्याचे शेकडा तीन वजा करावे आणि बाकीत ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन जवळजवळ बरोबर येतो. १३२९ घ्या. त्याचे शेकडा तीन म्हणजे सुमारे ४०. ते वजा जाता १२८९ राहतात आणि त्यांत ६२२ मिळविले की १९११ येतात. हे अंक फारसी वळणाचे असल्यामुळे वाचतानाही सावध राहावे लागते. सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे रूप असल्यामुळे नाणे उलटे धरले की एकाचा दुसरा होतो. दोन आणि तीन यांत केवळ एका दात्याचा फरक आहे. शून्य म्हणजे तर नुसता ठिपका. नाणे झिजले की तो ठिपका सर्वांआधी नाहीसा होतो आणि १३३० चे १३३ होतात.

हैदराबादच्या नाण्यांवर नवख्याला फसविणारा आणखी एक आकडा आहे. तो म्हणजे ९२. पुष्कळांना वाटते की, हे सालाचे शेवटचे दोन अंक असावेत. ते साल नव्हेच. अक्षरांना अंकांचे मोल देण्याची जी अबजद नावाची रीत आहे, तिच्याप्रमाणे मुहम्मद या नावाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बादशहाचे नाव नाण्यावरून गेले आणि त्याऐवजी आसफजाह हे नाव या ९२ सह आले. तेव्हा ९२ हा आकडा शेकडो निरनिराळ्या वर्षांच्या ठशांवर सारखाच सापडेल. त्यावरून वय ठरवू नये.

याच राज्यात एकाच सालाची दोन राजांची नाणी कशी ओळखावी, याचाही सुरेख नमुना मिळतो. निजाम मीर महबूब अली खान १९११ च्या ऑगस्टमध्ये वारले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. हिजरी साल दोघांचेही १३२९. नाण्यावर चित्र एकच, चारमिनारचे. मग भेद कोठे? चारमिनारच्या मधल्या कमानीत पाहावे. तेथे ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणे महबूब अलींचे, आणि ‘ऐन’ असेल तर उस्मान अलींचे. ज्याची नजर सालावरच थांबली त्याच्या लेखी दोन्ही एक. कमानीत डोकावणाराला मात्र एका राजवटीचा अस्त आणि दुसरीचा उदय त्या एवढ्याशा जागेत दिसतो.

आता दुसरा प्रश्न घेऊ. साल बरोबर वाचले. पण नाणे त्याच वर्षी पाडले असे धरून चालावे काय? याचे उत्तर, ‘नेहमीच नाही’, असे आहे. याचे कारण आपल्या सराफी व्यवहारात दडलेले आहे. जुन्या काळी चालू सालाचा रुपया पूर्ण किमतीने घेतला जाई आणि मागील सालच्या रुपयावर सराफ बट्टा कापीत. झीज झालेली असो वा नसो, साल मागे पडले की रुपया उतरला. रयतेने सारा भरावयास आणलेला रुपया कालचा म्हणून हलका ठरे. सालाच्या चार अंकांनी गरिबाच्या गाठीचे पैसे असे कापले जात. यावर बंगालमध्ये कंपनी सरकारने तोड काढली ती अशी की, साल गोठवूनच टाकावयाचे. शाह आलम बादशहाच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्ष रुपयावर कायम केले गेले, आणि पुढे कित्येक वर्षे पाडलेला प्रत्येक सिक्का रुपया ‘१९ सन’ एवढेच सांगत राहिला. फर्रुखाबादच्या रुपयावर ४५ वे आणि सुरतेच्या रुपयावर ४६ वे वर्ष असेच थिजून राहिले. सगळेच रुपये एका वयाचे झाल्यावर बट्टा कशावर कापावयाचा?

साल न बदलण्याची ही वहिवाट यंत्रांच्या काळातही टिकली. १८३५ साली सतराव्या कायद्यान्वये कंपनीच्या मुलखासाठी एकाच तोलाचा, १८० ग्रेन वजनाचा रुपया ठरला. त्यावर चौथ्या विल्यमची प्रतिमा होती. विल्यम १८३७ त वारला, तरी त्याच्या मुद्रेचे आणि १८३५ याच सालाचे रुपये १८४० पर्यंत पडत राहिले. या रुपयांतील भेद सालाने सांगता येत नाहीत. त्यासाठी राजाच्या मानेच्या कापलेल्या कडेवर भिंग धरावे लागते. कोठे तेथे ‘आर. एस.’ ही आद्याक्षरे खोलगट उमटलेली दिसतात, कोठे ‘एफ’ उठावाचा, कोठे ‘एफ’ खोलगट, तर कोठे काहीच नाही. पहिली अक्षरे सॉंडर्स याची आणि ‘एफ’ हे फोर्ब्स याचे. हे दोघेही कलकत्त्याच्या टांकसाळीचे अधिकारी होते.

त्यानंतर आला १८४० चा, राणी व्हिक्टोरियाचा रुपया. हेच साल १८६२ मध्ये नवा रुपया निघेपर्यंत चालू राहिले. म्हणजे वीसबावीस वर्षांची नाणी एकाच सालाच्या पांघरुणाखाली आहेत. ती वेगळी करण्याची पहिली खूण राणीच्या मस्तकाभोवतीच्या अक्षरांत सापडते. आरंभीच्या नाण्यांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे मस्तकावरून एका ओळीत अखंड फिरतात. १८५० नंतरच्या नाण्यांवर मस्तकाच्या एका बाजूस ‘व्हिक्टोरिया’ आणि दुसऱ्या बाजूस ‘क्वीन’ अशी त्यांची फाळणी झालेली दिसते. संग्राहक पहिल्यास अखंड लेखाचा आणि दुसऱ्यास खंडित लेखाचा रुपया म्हणतात. दुसरी खूण पाठीमागच्या बाजूस आहे. किमतीच्या अक्षरांभोवती जी पानांची माळ आहे, तीत बारीक बारीक फळे आहेत. ती मोजावीत. कोठे ती १९ भरतात, कोठे २८. मोजणी कंटाळवाणी खरी, परंतु ठसा बदलल्याचा पुरावा त्या फळांतच असतो.

सर्वांत मनोरंजक प्रकरण १८६२ च्या रुपयाचे आहे. कंपनीची सत्ता जाऊन राणीचे राज्य आल्यावर निघालेला हा रुपया. यावरही १८६२ हेच साल १८७४ पर्यंत गोठलेले राहिले. त्या वर्षापासून मात्र प्रत्येक रुपयावर त्याचे खरे साल येऊ लागले. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने एक युक्ती योजिली. साल न बदलता तिने नाण्यावर बारीक ठिपके घालण्यास प्रारंभ केला. ते सालाखाली येत, आणि पुढे किमतीच्या अक्षरांच्या वरही येऊ लागले. ठिपक्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून नाणे कोणत्या वर्षाचे हे ताडता येते. जनतेला साल एकच दिसावे, पण आपल्याला वर्ष ओळखता यावे, अशी ही टांकसाळीची खासगी खूण होती. मेजर प्रिडमोर या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या नाण्यांवरील आपल्या ग्रंथात हे प्रकार पद्धतशीर लावून दिले, तेव्हापासून संग्राहक १८६२ चा रुपया नुसता ‘१८६२ चा’ असे म्हणत नाहीत, वर किती ठिपके आणि खाली किती, तेही सांगतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. दिसेल तो उंचवटा ठिपका नव्हे. ठशाला खळगा पडला तरी नाण्यावर टेंगूळ येते, आणि मळाचा कण चिकटला तरी ठिपक्याचा भास होतो. खरा ठिपका नीट गोल असतो, त्याची कड स्वच्छ असते आणि तो आपल्या ठरलेल्या जागी बसलेला असतो. नाणे दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवावे, म्हणजे सावलीवरून खरेखोटे कळते.

तिसरा भेद अंकांच्या घडणीचा. नाणे ज्या पोलादी ठशाने पाडतात, त्यावर पूर्वी सालाचे अंक, निदान शेवटचा एखादा अंक, कारागीर हाताने ठोकून उमटवीत असत. म्हणून एकाच सालाच्या दोन ठशांत अंक लहानमोठे किंवा कमीजास्त अंतरावर आढळतात. आपल्याकडे सहाव्या जॉर्जच्या १९४५ सालच्या मुंबईच्या रुपयात मोठ्या पाचाचा आणि लहान पाचाचा असे दोन प्रकार आहेत. दोन नाणी शेजारी ठेवली म्हणजे फरक आपोआप डोळ्यांत भरतो, एकटे नाणे पाहून मात्र भलेभले चुकतात. कधी कधी जुन्या सालाच्या छापावरच नवे साल बसते आणि खालचा अंक वरच्याच्या कडेने डोकावतो. अमेरिकेच्या १९४२ सालच्या डाइम नाण्यात शेवटच्या दोनाखालून १९४१ चा एक असा स्पष्ट दिसतो.

परंतु दुहेरी दिसणारा प्रत्येक अंक या जातीचा नसतो. नाणे पडताना ठसा किंचित हलला तर अंकाची कड चेपली जाते आणि शेजारी एक सपाट पायरी उमटते. ती पायरी खालच्या पातळीवर असते आणि मूळ अंक तेवढा बारीक होतो. खऱ्या दुहेरी अंकात दोन्ही अंकांना आपापला उठाव व गोलाई असते. पहिल्याला संग्रहात मोल नाही, दुसऱ्याला आहे. बाजारात मात्र पहिलाच दुसऱ्याच्या भावाने विकला जातो.

आता फसवणुकीकडे वळू, कारण पदरचे पैसे खरोखर येथेच जातात. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दुर्मिळ आहे. त्यातले फारच थोडे शिल्लक राहिले. याउलट १९३८ चा रुपया सहज मिळतो. मग कोणी तरी आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढतो, आणि १९३८ चा १९३९ होतो. यावर उपाय काय? नाण्याचीच साक्ष नाण्याविरुद्ध काढावयाची. १९३९ या सालात नऊ दोनदा येतो. दुसरा अंक नऊ आणि शेवटचा अंकही नऊ. दोघे भिंगाखाली एकमेकांशी ताडून पाहावेत. शेवटच्या नवाचे पोट, शेपूट किंवा उंची पहिल्याहून निराळी असली, अथवा त्याच्या भोवतीची जमीन खरवडल्यासारखी दिसली, तर संशय धरावा. दुसरी साक्ष कडेची. १९३९ पर्यंतचा रुपया शेकडा ९१.७ चांदीचा आणि साध्या दातेरी कडेचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि नकली नाण्यांना आळा बसावा म्हणून दातेरी कडेच्या मधोमध एक खाच देण्यात आली. तेव्हा ज्याच्या कडेला अशी खाच आहे आणि तोंडावर १९३९ आहे, ते नाणे आपल्याच तोंडाने खोटे बोलते. तिसरी साक्ष वजनाची. नवा रुपया ११.६६ ग्रॅम भरावा. झिजलेला थोडा कमी भरेल, पण जास्त भरण्याचे कारण नाही.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची हकीकत अशीच बोधप्रद आहे. राजाच्या झग्यावरील साखळीत एक हत्ती कोरलेला होता. तो इतका आखूड सोंडेचा उतरला की, लोकांना तो डुकरासारखा वाटला. हिंदू व मुसलमान दोघांनाही ही गोष्ट न रुचणारी. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी ७ लाखच बाहेर आले आणि बाकीचे वितळविण्यात आले. १९१२ च्या रुपयावर हत्ती सुधारून काढला. १९११ चा रुपया दुर्मिळ झाल्यामुळे १९१२ मधील शेवटचा दोन घासून त्याचा एक करण्याचा मोह होणारच. परंतु हत्ती कोण बदलणार? ज्या नाण्यावर साल १९११ आणि हत्तीची सोंड मात्र लांब व व्यवस्थित, ते नाणे बनावट समजावे. साल आणि चित्र यांचे एकमत झाल्याखेरीज निकाल देऊ नये, हा धडा यातून घ्यावा.

हा अभ्यास करावयास राजेरजवाड्यांची नाणीच हवीत असे नाही. तुमच्या खिशातल्या आजच्या नाण्यावर सालाच्या खाली पाहा. तेथे चौकट असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एकाच सालाची चार घराणी तुम्हाला एका आठवड्यात जमविता येतील. मुलांच्या नजरेला याहून स्वस्त व चांगले वळण दुसरे नाही.

साधने थोडकीच लागतात. दसपट मोठे दाखविणारे भिंग, बारीक वजनाचा काटा, तिरपा प्रकाश आणि तुलनेसाठी खात्रीचे एखादे नाणे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. चिंच, राख किंवा पॉलिश लावून नाणे उजळू नये. साल नीट दिसावे म्हणून ते घासले जाते आणि नेमके त्या घासण्यातच ठिपका, आद्याक्षर आणि अंकाची कड नाहीशी होते. साक्षीदाराला बोलते करण्यासाठी त्याची जीभ कापण्यासारखेच हे आहे. नाणे शंभर वर्षांहून जुने असेल तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ते पुरावस्तू ठरते आणि परवानगीवाचून परदेशी पाठविता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

इंदूरच्या त्या बाई उठताना म्हणाल्या, “म्हणजे माझ्या आईचीच ही ठेव. बरं झालं.” मग दाराशी थांबून, खालच्या आवाजात, “त्या बाईला आता काय सांगावं?” नाण्यांचा अभ्यास मला याचे उत्तर देत नाही. मी इतकेच म्हणालो की, किल्ल्या पूर्वीच्या जागी ठेवाव्यात आणि कारण विचारले तर खरे सांगावे. नाणे खोटे नव्हते, साल खोटे नव्हते. आपण वाचताना घाई केली, एवढेच. पुढल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. किल्ल्या खिळ्यावर परत टांगल्या होत्या, आणि ते पाव आण्याचे नाणे त्यांनी त्या बाईलाच दाखवून, १९९२ तून ५७ वजा कसे करावयाचे ते तिलाही समजावून दिले होते.